निळ्या निशाणाची पोई



चैत्र लागला कीं आमच्या गांवच्या वेशीपाशीं वडाच्या सावलीला एक पोई उभी राही. चार बांबू, वर झावळ्यांचें छप्पर, ओल्या वाळूंत बसविलेले तीन रांजण आणि त्यांच्याजवळ ओगराळें घेऊन बसलेली एक वृद्ध बाई, एवढाच तिचा संसार. त्या बाईचा एक दंडक असे. वाटसरूचें पाणी पिऊन होईपर्यंत त्याला कांहींएक विचारावयाचें नाहीं. कोण, कुठला, कोणीकडे निघाला, हे प्रश्न मागाहून. आणि तेहि त्याला सांगावेंसें वाटलें तर. परंतु तिच्या आधींच्या पिढींत याच पोईवर प्रथम जात विचारली जात असे आणि कांहींजणांना बांबूच्या पन्हळींतून दुरून पाणी घातलें जात असे, हेंहि मीं वडील माणसांच्या तोंडून ऐकलेलें आहे. ज्या महाराष्ट्रांत १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, त्या महाराष्ट्रांतील श्रोत्यांना, 'पाणी कोणाला द्यावें' हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं, हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

आज मी आपणांस जिच्याविषयीं सांगणार आहें ती पोई येथून पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अ‍ॅरिझोना आणि मेक्सिको देशाचा सोनोरा प्रांत यांच्या सरहद्दीजवळ, काटेरी झुडपांच्या रानांत, प्लॅस्टिकचें एक निळें पिंप तिवईवर ठेवलेलें असतें. त्याला तोटी असते. शेजारीं सुमारें तीस फूट उंचीच्या काठीवर निळें निशाण फडकत असतें, आणि पिंपावर स्पॅनिश भाषेंतला एकच शब्द असतो : आग्वा, म्हणजे पाणी. ओगराळें घेऊन बसणारी बाई तेथें नसते. कोणीच नसतें. जो पाणी पिणार तो लपत छपत येणार, आणि जो पाणी भरणार तो मोटार घेऊन कांहीं दिवसांनीं येणार. दोघांची दृष्टादृष्ट बहुधा कधींच व्हावयाची नाहीं.

वाळवंट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वाळूचे ढीग आणि उंटांचा तांडा येतो. सोनोराचें वाळवंट तसें नाहीं. तें हिरवें वाळवंट आहे. माणसानें दोन्ही हात वर करून उभें राहावें तसा दिसणारा, चाळीस चाळीस फूट वाढणारा सग्वारो नांवाचा निवडुंग, बाभळीच्या कुळांतलीं झाडें, खडकाळ टेकड्या आणि कोरडे ओढे, असा तो मुलूख आहे. दुरून पाहणाऱ्यास वाटावें, एवढी झाडें आहेत तर पाणीहि असेल. पाणी नाहीं. जूनमध्यें हवेचें तपमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर सहज जातें, जमीन तर त्याहूनहि किती तरी अधिक तापते. आणि हिवाळ्यांतील रात्रीं अशी थंडी पडते कीं, येथें माणूस उन्हानें मरतो तसा गारठ्यानेंहि मरतो. तोहोनो ओओधाम, म्हणजे 'वाळवंटाचे लोक', या नांवाची मूळची जमात येथें शेंकडों वर्षें राहत आली आहे. सग्वारोचीं फळें केव्हां उतरावयाचीं, पाऊस कधीं येणार, हें तिला ठाऊक आहे. १८५३-५४ च्या सुमारास संयुक्त संस्थानांनीं हा प्रदेश मेक्सिकोकडून पैसे मोजून विकत घेतला, आणि नकाशावरची नवी रेघ या जमातीच्या मुलखाच्या मधून गेली. जमातीला कोणीं विचारलें नाहीं. आज त्यांच्या राखीव मुलखाला सुमारें शंभर किलोमीटर लांबीची आंतरराष्ट्रीय सरहद्द लागून आहे.

आतां थोडें गणित करूं, कारण या सर्व प्रकरणाचें मर्म एका साध्या गणितांत आहे. भर उन्हाळ्यांत अशा प्रदेशांत चालणाऱ्या माणसाच्या अंगांतून तासाला लिटरभर घाम सहज जातो. दिवसाकाठीं आठ-दहा लिटर पाणी त्याच्या पोटांत गेलें पाहिजे. सासाबे नांवाच्या सरहद्दीवरील गांवापासून टूसॉन शहर शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. वाट सरळ नाहीं. ती रात्रीची आहे, डोंगरांतली आहे, पहारेकऱ्यांची नजर चुकवीत काढावयाची आहे. पांचच दिवस धरले तरी चाळीस ते पन्नास लिटर पाणी झालें, आणि लिटरभर पाण्याचें वजन एक किलो. एवढें ओझें खांद्यावर घेऊन कोणी रात्रभर डोंगर चढूं शकत नाहीं. चालणारा बहुधा बरोबर नेतो गॅलनचे दोन कॅन, म्हणजे साडेसात लिटर. तेव्हां पहिलें पाऊल टाकण्यापूर्वींच हिशेब चुकलेला असतो. सोनोरा प्रांतांतील आल्तार हें गांव या प्रवाशांचा तळ म्हणून प्रसिद्धीस आलें. तेथल्या दुकानांतून काळ्या रंगाचे कॅन विकले जात, कारण पांढरें प्लॅस्टिक उन्हांत चकाकतें आणि पहारेकऱ्याच्या नजरेंत भरतें. काळ्या कॅनांतलें पाणी अधिक तापतें, हें विकणाऱ्याला ठाऊक होतें आणि विकत घेणाऱ्यालाहि. वाळूवर पाऊल उमटूं नये म्हणून गालिच्याच्या तुकड्यांचे तळवे लावलेलीं पायतणेंहि तेथेंच मिळत. लपण्याची सोय आणि जगण्याची सोय या दोन गोष्टी वाळवंटांत बहुधा एकमेकींच्या उलट असतात.

जवळचें पाणी संपल्यावर मनुष्य गुरांसाठीं साठविलेल्या डबक्यांतलें, शेवाळलेलें पाणी पितो. त्यानें जुलाब लागले म्हणजे अंगांत उरलेलें पाणीहि निघून जातें. शरीराची उष्णता चाळीस अंशांच्या वर गेली कीं बुद्धीला भ्रम होतो. असा मनुष्य अंगावरचे कपडे काढून टाकतो, बरोबरच्या माणसांना ओळखत नाहीं, जवळ आलेली सडक सोडून उलट दिशेला चालूं लागतो. म्हणून कित्येकांचे देह सडकेपासून हांकेच्या अंतरावर सांपडले आहेत.

मग माणसें या वाटेनें जातात तरी कां? पूर्वीं जात नसत, किंवा फार थोडीं जात. १९९० च्या सुमारापर्यंत विनापरवाना येणारा मनुष्य सान दिएगो, एल पासो, नोगालेस अशा शहरांच्या आसपास कुंपण ओलांडी आणि शहराच्या गर्दींत मिसळून जाई. १९९३ मध्यें एल पासो येथें आणि १९९४ मध्यें सान दिएगो येथें सरहद्दीवर पहारेकऱ्यांची दाट रांग उभी करण्यांत आली, आणि त्याच १९९४ सालीं सरहद्द-पहारा दलानें आपल्या नव्या धोरणाचा आराखडा लिहून काढला. त्यांतला विचार असा कीं, सोप्या वाटा बंद केल्या म्हणजे लोक अधिक दुर्गम व प्रतिकूल प्रदेशाकडे वळतील, आणि तेथील कष्ट पाहून पुष्कळसे निघण्याचा बेतच सोडून देतील. देशांतर-खात्याच्या त्या वेळच्या प्रमुख डोरिस माइस्नर यांनीं पुढें २००० सालीं मोकळेपणानें सांगितलें कीं, भूगोल आपल्याला साहाय्य करील असें आम्हांला वाटलें होतें. पहिला अंदाज खरा ठरला, दुसरा खोटा. लोक वाळवंटाकडे वळले. बेत मात्र त्यांनीं सोडला नाहीं. १९९४ सालींच उत्तर अमेरिकेंतील तीन देशांचा व्यापारी करार अमलांत आला होता आणि संयुक्त संस्थानांतला स्वस्त मका मेक्सिकोच्या बाजारांत येऊं लागला होता. ज्या लहान शेतकऱ्याचा मका विकला जाईना त्याच्या दृष्टीनें वाळवंट हा केवळ अंतराचा प्रश्न होता. ग्वातेमाला, होंदुरास, एल साल्वादोर येथून येणाऱ्यांच्या पाठीशीं तर गरिबीच्या जोडीला खून आणि खंडणी यांचें भय होतें.

आपली सरहद्द राखण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, याविषयीं वाद घालण्यास मी येथें आलेलों नाहीं. परंतु भूगोलाची नेमणूक पहारेकरी म्हणून एकदां केली, म्हणजे त्यानें दिलेल्या शिक्षेला सही कोणाची, हें विचारणें प्राप्त होतें. या पहारेकऱ्याला एकच शिक्षा ठाऊक आहे, आणि ती तो वय पाहून कमी-जास्त करीत नाहीं. १९९८ ते २०२० या काळांत संपूर्ण दक्षिण सरहद्दीवर आठ हजारांहून अधिक मृत्यु सरहद्द-पहारा दलाच्या स्वतःच्या दप्तरांत नोंदले गेले. जे देह सांपडलेच नाहींत ते अर्थातच त्या दप्तरांत नाहींत.

मे २००१ मध्यें सव्वीस पुरुष यूमाच्या पूर्वेकडील वाळवंटांत शिरले. वाटाड्या वाट चुकला. चौदाजण मेले. या वाटाड्यांना तिकडे 'कोयोटे' म्हणतात. कोयोटे हा कोल्ह्यासारखा एक रानटी प्राणी. त्याच वर्षीं त्याच भागांतील कबेसा प्रिएता नांवाच्या सरकारी अभयारण्यांत पाण्याचीं पिंपें ठेवूं द्यावींत, अशी विनंती एका संस्थेनें केली होती, आणि ती अमान्य झाली होती. ती संस्था म्हणजे टूसॉनची 'ह्यूमेन बॉर्डर्स', निळ्या निशाणाची संस्था. तिची स्थापना २००० सालीं झाली. रॉबिन हूवर नांवाचे पाद्री तिचे आरंभींचे प्रमुख. मात्र तिची कथा खरोखर वीस वर्षें आधीं सुरू होते.

जुलै १९८० मध्यें एल साल्वादोरमधील यादवीला भिऊन पळालेल्या लोकांची एक टोळी याच वाळवंटांत सांपडली; तिच्यांतील तेराजण तहानेनें मेले. वांचलेल्यांची शुश्रूषा करण्याचें काम टूसॉनच्या चर्चमंडळांवर आलें. तेव्हां प्रथमच या सुखवस्तु शहराला कळलें कीं, आपल्या परसदारीं माणसें मरत आहेत. जॉन फाइफ या पाद्र्याच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चनें २४ मार्च १९८२ रोजीं जाहीर केलें कीं, आम्ही या निर्वासितांना देवळांत आसरा देऊं, आणि उघडपणें देऊं. त्यांचे सहकारी जिम कॉर्बेट हे क्वेकर पंथाचे गृहस्थ. शेळ्या पाळणारे, तत्त्वज्ञान शिकलेले, आणि सांधेदुखीनें बोटें वांकडीं झालेले. हे गृहस्थ स्वतः सरहद्दीवर जाऊन माणसें घेऊन येत. हां हां म्हणतां देशभरांतील शेंकडों चर्चें व यहुदी प्रार्थनामंदिरें या चळवळींत सामील झालीं. सरकारनें प्रार्थनेच्या सभांतून खबरे बसविले, संभाषणें मुद्रित केलीं, खटला भरला, आणि १९८६ मध्यें आठजणांना दोषी ठरविण्यांत आलें. पण तुरुंगांत कोणासच पाठविलें नाहीं. आपल्याकडे मिठाच्या सत्याग्रहांत सरकारची जी पंचाईत झाली होती तिची येथें थोडी आठवण होते.

आतां पोईच्या व्यवस्थेकडे वळूं. पिंप पंचावन्न गॅलनचें, म्हणजे सुमारें दोनशें लिटरांचें. ज्याची जमीन त्याची परवानगी घेतल्यावांचून तें ठेवावयाचें नाहीं, हा ह्यूमेन बॉर्डर्सचा नियम. मग ती जमीन सरकारची असो, नगरपालिकेची असो कीं एखाद्या गुरेंवाल्याची असो. पहिलीं पिंपें २००१ मध्यें ऑर्गन पाइप या राष्ट्रीय वनभागांत बसलीं. पाण्याची टांकी बसविलेली मोटार घेऊन स्वयंसेवक पहांटे निघतात, प्रत्येक पिंपांतलें पाणी तपासतात, पिंप धुतात, भरतात आणि झांकणाला कुलूप लावतात. पिण्याच्या पाण्याला कुलूप कशाला, असें आपणांस वाटेल. कोणी पाण्यांत भलतें सलतें कांहीं टाकूं नये म्हणून. निशाणें उपटलेलीं, तोट्या मोडलेल्या, पिंपांना गोळीनें भोंकें पाडलेलीं, हे प्रकार अनेकदां झालेले आहेत. हीच संस्था सरहद्दीच्या पलीकडे इशाऱ्याच्या भित्तिपत्रिकाहि लावीत आली : जाऊं नका, पाणी पुरणार नाहीं. कोठें किती माणसें मेलीं त्यांचे तांबडे ठिपके, आणि एका दिवसांत पायीं किती जातां येतें त्याचीं वर्तुळें, असे नकाशे त्या पत्रिकांवर असत. पाणी ठेवणारे लोक माणसांना बोलावून घेतात, असें म्हणणाऱ्यांनीं हे नकाशे एकदां पाहावेत.

पिंप जेथें मोटार जाते तेथेंच ठेवतां येतें. वाट तुडविणारा मनुष्य मात्र मोटारीची वाट टाळतो. ही उणीव भरून काढण्यासाठीं २००२ मध्यें 'समॅरिटन्स' आणि २००४ मध्यें 'नो मोअर डेथ्स', म्हणजे 'यापुढें मृत्यु नकोत', अशा मंडळ्या निघाल्या. दुसऱ्या मंडळीच्या स्थापनेंत कॅथलिक बिशप, प्रेस्बिटेरियन पाद्री आणि यहुदी समाजाचे पुढारी एकत्र होते. यांचे स्वयंसेवक पाठीवर गॅलनचे कॅन घेऊन पायवाटांनीं चालतात. त्यांत सुट्टींत आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी असतात, परिचारिका असतात, आणि पेन्शनर तर पुष्कळ असतात; टूसॉनच्या दक्षिणेस ग्रीन व्हॅली म्हणून निवृत्त लोकांची वसाहतच आहे, तिचें स्वतःचें समॅरिटन मंडळ आहे. सत्तरी ओलांडलेली माणसें टोपी घालून, काठी टेकीत, ओढ्यांतून पाणी नेऊन ठेवतात. आमच्या येथील पेन्शनर मंडळींनीं सकाळच्या फिरण्याला जावें तशी.

वाटेंत कोणी भेटला तर काय करावयाचें, याची शिकवण स्वयंसेवकाला आधीं दिलेली असते. पहिली गोष्ट, लांबूनच मोठ्यानें हांक द्यावयाची : आमच्याजवळ पाणी आहे, अन्न आहे, आम्ही पोलीस नव्हे. मग पाय पाहावयाचे. श्रोत्यांना आश्चर्य वाटेल, पण या वाळवंटांत मरणाचा आरंभ पुष्कळदां पायाच्या फोडापासून होतो. फोड फुटला कीं मनुष्य लंगडतो, लंगडला कीं मागें पडतो, आणि मागें पडलेल्यासाठीं वाटाड्या थांबत नाहीं. म्हणून स्वयंसेवकाच्या पिशवींत स्वच्छ पायमोजे आणि पट्ट्या असतात. गुडघे टेकून अनोळखी माणसाचे पाय धुण्याचें काम त्याला करावें लागतें. त्यानंतर पाणी, तेंहि एकदम नव्हे, घोटाघोटानें, मीठ-साखरेसह. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मीठ व साखर यांचें पाणी पाजून कोरडें पडलेलें शरीर सांवरतां येतें, हा उपाय मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाला तो आपल्याच देशांत, निर्वासितांच्याच छावणींत. १९७१ सालीं बंगालमधील बनगांव येथें, बांगला देशांतून आलेल्या लोकांत पटकीची साथ पसरली असतां, शिरेंतून देण्याचें द्रावण संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनीं पिंपें भरभरून हें पाणी पाजण्यास लावलें आणि हजारोंचे प्राण वांचविले. एका सरहद्दीवर सांपडलेलें औषध दुसऱ्या सरहद्दीवर कामीं आलें.

या कामाला विरोध करणारे सारेच दुष्ट आहेत, असें मानण्याचें कारण नाहीं. तोहोनो ओओधाम जमातीच्या पंचायतीनेंहि आपल्या मुलखांत पिंपें ठेवूं दिलीं नाहींत. चोरटी वाहतूक करणाऱ्या टोळ्यांनीं, मोडलेल्या कुंपणांनीं, टाकलेल्या कचऱ्यानें आणि रात्रंदिवस फिरणाऱ्या पहारा-मोटारींनीं ती जमात जेरीस आलेली होती. दुसऱ्याच्या भांडणाचें मैदान आपल्या अंगणांत कां, असें तिला वाटलें तर नवल नाहीं. परंतु त्याच जमातींतील एक धर्मोपदेशक पंचायतीचें न ऐकतां, वर्षानुवर्षें, बाबोकिवारी डोंगराच्या पायथ्याशीं पाणी नेऊन ठेवीत राहिले. त्यांनीं आपल्या चार जागांना बायबलांतील चार शुभवर्तमानकारांचीं नांवें दिलीं होतीं. पंचायतीनें पिंपें उचलून नेलीं, तेव्हां ते कॅन ठेवूं लागले. पंचायतीचें दुःख खरें होतें, आणि या गृहस्थांचें पाणीहि खरें होतें. यांतून निवाडा कसा करावा हें मला अद्याप सुचलेलें नाहीं. सरहद्द-पहारा दलाविषयींहि हेंच म्हणावें लागेल. त्या दलाचें शोध व सुटकेचें एक खास पथक आहे, वाळवंटांत मदतीचे दिवे लावलेले खांब आहेत, आणि त्यांच्या शिपायांनीं हजारों लोकांचे प्राण वांचविले आहेत. त्याच दलाच्या कांहीं शिपायांनीं पाण्याचे कॅन लाथाडल्याचीं व ओतून दिल्याचीं चित्रणेंहि जानेवारी २०१८ मध्यें जगानें पाहिलीं. २०१२ ते २०१५ या चार वर्षांत, अरिवाका गांवाच्या परिसरांत, साडेतीन हजारांवर कॅन नासधूस केलेले आढळले, असा हिशेब नो मोअर डेथ्सनें त्या वेळीं प्रसिद्ध केला.

आणि मग कोर्टकचेऱ्या. संयुक्त संस्थानांच्या कायद्यानें विनापरवाना आलेल्या माणसास आसरा देणें किंवा वाहनांतून पुढें नेणें हा अपराध आहे. पाणी पाजणें हा आसरा आहे काय? जुलै २००५ मध्यें दोन तरुण स्वयंसेवक तीन आजारी माणसांना औषधोपचारासाठीं मोटारींतून टूसॉनला नेत असतां पकडले गेले. आधीं वैद्यकीय सल्ला घेऊनच त्यांनीं हें केलें होतें. वर्ष-सव्वावर्ष टांगून ठेवल्यावर न्यायाधीशानें आरोप काढून टाकले. २००८ मधील खटला तर अगदीं नमुनेदार आहे. एका स्वयंसेवकास एल साल्वादोरच्या चौदा वर्षांच्या मुलीचें प्रेत ओढ्यांत आढळलें. त्यानंतर दोनच दिवसांनीं तो अभयारण्यांत पाण्याचे भरलेले कॅन ठेवीत असतां त्याच्यावर कचरा टाकल्याचा आरोप ठेवण्यांत आला. खालच्या कोर्टानें त्याला दोषी ठरविलें. २०१० मध्यें वरच्या कोर्टांत तीन न्यायाधीशांनीं 'कचरा' या शब्दाचा अर्थ कोशांतून काढून पाहिला. कचरा म्हणजे टाकाऊ वस्तु. पिण्यासाठीं ठेवलेलें, सीलबंद, शुद्ध पाणी टाकाऊ आहे असें निःसंशय म्हणतां येत नाहीं. आणि जेथें शब्दच संदिग्ध तेथें त्याचा लाभ आरोपीला. दोन विरुद्ध एक मतानें तो सुटला. काशीची कावड रामेश्वराला नेतांना एकनाथांनीं वाळूंत तडफडणाऱ्या गाढवाला गंगा पाजली, तेव्हां ते गाढव कोणाचें आणि तुम्हीं वाळूंत पाणी कां सांडलें, हें विचारण्यास सुदैवानें कोणी अधिकारी तेथें नव्हता.

सर्वांत गाजलेलें प्रकरण आहो या लहानशा गांवचें. तेथील एका भूगोलाच्या अध्यापकास जानेवारी २०१८ मध्यें पकडण्यांत आलें. मध्य अमेरिकेंतून आलेल्या दोन तरुणांना त्यानें स्वयंसेवकांच्या घरांत अन्न, पाणी व निजावयास जागा दिली होती. आरोप सिद्ध झाले असते तर वीस वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शक्यता होती. जून २०१९ मध्यें पंचांचें एकमत झालें नाहीं : आठ सुटकेच्या बाजूला, चार शिक्षेच्या. सरकारनें खटला पुन्हां चालविला, आणि नोव्हेंबर २०१९ मध्यें दुसऱ्या पंचांनीं त्याला निर्दोष सोडलें. कबेसा प्रिएतांत परवान्यावांचून जाऊन पाणी ठेवल्याबद्दल चार स्त्रियांना झालेली शिक्षाहि फेब्रुवारी २०२० मध्यें रद्द झाली. त्या चौघींचें वर्तन त्यांच्या प्रामाणिक धर्मश्रद्धेंतून घडलें, हें न्यायाधीश रोझमेरी मार्केझ यांनीं मान्य केलें; आणि लोकांना येण्यापासून परावृत्त करण्यासाठीं मरणाचा उपयोग व्हावा, हा जो अर्थ सरकारच्या युक्तिवादांतून निघत होता, त्याविषयीं त्यांनीं कठोर शब्द वापरले.

आतां जें सांगावयाचें तें थोडक्यांत सांगतों. १२ जून २०१९ रोजीं, अ‍ॅरिझोनांतील ल्यूकव्हिल गांवाच्या पश्चिमेला, सरहद्द-पहारा दलाच्या शिपायांना एका सहा वर्षांच्या मुलीचा मृतदेह आढळला. ती मुलगी भारतांतली होती. तिची आई आणि इतर कांहीं भारतीय यांना वाटाड्यांनीं सरहद्दीपाशीं सोडून दिलें होतें. उन्हांत चालतां चालतां पाणी संपलें, तेव्हां आई मुलीला बरोबरच्या दुसऱ्या एका बाईजवळ ठेवून पाणी शोधावयास गेली. ती परत येऊं शकली नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती शिपायांना सांपडली. त्या दिवशींचें तपमान सुमारें बेचाळीस अंश होतें. मुलीचा बाप आधींच कांहीं वर्षें अमेरिकेंत होता. हें वृत्त आपल्या वर्तमानपत्रांत आलें होतें आणि दोन दिवसांत मागें पडलें.

असे देह टूसॉनला पिमा परगण्याच्या वैद्यकीय तपासनिसाच्या कचेरींत आणले जातात. २००० ते २०२० या काळांत त्या एका कचेरींत तीन हजारांहून अधिक देशांतर करणाऱ्यांचे अवशेष आले, आणि त्यांपैकीं एक तृतीयांशाहून अधिक लोकांचीं नांवें कळलेलीं नव्हतीं. वाळवंटांत देह फार दिवस टिकत नाहीं. हाडेंच पुष्कळदां येतात. मग सदऱ्याच्या शिवणींत दडविलेला दूरध्वनीचा क्रमांक, खिशांतलें एखाद्या संताचें चित्र, दांतांची ठेवण, यांवरून शोध घ्यावयाचा. २०१३ पासून 'कोलिब्री' नांवाच्या संस्थेनें हरवलेल्यांच्या नातेवाइकांकडून माहिती गोळा करून ती या हाडांशीं ताडून पाहण्याचें काम हातीं घेतलें. ह्यूमेन बॉर्डर्सच्या नकाशावर या प्रत्येक मृत्यूचा एक ठिपका आहे. टूसॉनचा एक चित्रकार तो नकाशा घेऊन निघतो आणि ज्या जागीं देह सांपडला नेमक्या त्या जागीं लांकडी क्रूस रोवून येतो. कॅलिफोर्नियांत 'आगिलास देल देसिएर्तो', म्हणजे 'वाळवंटाचे गरुड', नांवाचें एक पथक २०१२ मध्यें उभें राहिलें. त्यांतले बहुतेक मजूर लोक. त्यांचा प्रमुख स्वतःच्या भावाला शोधतां शोधतां या कामांत पडला. ते सुट्टीच्या दिवशीं ओळीनें उभे राहून रान विंचरतात. जिवंत माणूस क्वचित् सांपडतो, आणि तें त्यांना ठाऊक असतें. कोणाच्या तरी आईला पत्ता लागावा म्हणून ते चालतात.

शेवटीं पुन्हां पाण्याकडे. कॅन ठेवतांना स्वयंसेवक त्यावर काळ्या शाईनें तारीख लिहितो आणि कोणत्या वाटेवर ठेवला त्याची खूण करतो. कधीं कधीं दोन शब्द स्पॅनिशमध्यें, 'सुखरूप जा' अशा अर्थाचे. कांहीं दिवसांनीं तो पुन्हां तेथें येतो आणि रिकामे कॅन तपासून वहींत नोंद करतो. कडांना दांतांच्या खुणा असल्या तर जनावरानें फोडला. सरळ, स्वच्छ चीर असली तर सुरीनें. तळाशीं बारीक भेग असली तर उन्हानें. आणि कधीं कॅन अगदीं शाबूत असतो, टोपण फिरवून काढलेलें, तें शेजारींच दगडावर नीट ठेवलेलें, आणि आंत थेंबहि नसतो. त्या जागेपुढें वहींत 'प्याले' असें लिहून तो नवा कॅन ठेवतो आणि पुढच्या वळणाकडे जातो.